परसातील तळे : पाणी मुरते कोठे?

‘पाणी कोठेतरी मुरते आहे’ हा वाक्प्रचार आपण संशय सूचित करण्यासाठी योजतो. परसात माशांचे छोटे तळे बाळगणाऱ्यास मात्र तो अक्षरशः भोवतो. पातळी रोज उतरते, मालक रोज नळ सोडतो, आणि शेवटी अस्तर फाटले असे ठरवून तळे उपसतो. या धांदलीत मासे दगावतात; अस्तर पुष्कळदा शाबूतच असते.

पाणी कमी होण्याच्या क्रियांस मराठीत निरनिराळी क्रियापदे आहेत. बोलताना ती एकमेकांच्या जागी चालून जातात. दुरुस्तीत चालत नाहीत, कारण प्रत्येक क्रियेचा उपाय निराळा असतो.

प्रथम ‘आटणे’. दख्खनच्या पठारावर ऐन उन्हाळ्यात पातळी दिवसाला १० मिलिमीटर उतरणे नवलाचे नाही. एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून तळ्यातील विटांवर ठेवावी, पंप बंद करावा आणि बादलीतील व तळ्यातील पातळीवर खुणा कराव्यात. दोन दिवसांनी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या, तर दोष उन्हाचा होय. पंप चालू असतानाच तळे अधिक उतरत असेल, तर नळी अथवा धबधबा तपासावा.

‘झिरपणे’ हा प्रकार अधिक फसवा. काठावरचे गवत वा माती अस्तराच्या कडेवरून पाण्यात उतरली, की समईतील वातीप्रमाणे ती पाणी बाहेर ओढीत राहते. काळ्या जमिनीत तर उन्हाळ्याच्या भेगांनी काठच एका बाजूस खचतो व पाणी तेथून ओसंडते. दोहोंस उपाय एकच : कड उचलून मातीच्या वर उभी करणे.

एवढे पाहून झाल्यावरच ‘गळणे’ विचारात घ्यावे. पाणी आपोआप उतरू द्यावे. जेथे ते स्थिरावेल, साधारणतः त्याच रेषेवर छिद्र सापडते. संशयित जागी पिचकारीने दुधाचे दोन थेंब सोडल्यास पांढरी रेघ तिकडे ओढली जाते. पाणी फार उतरू लागले, तर मासे तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या घंगाळात हलवून त्यात हवा सोडावी.

‘अस्तर’ हा फारसी शब्द शिंप्याकडून तळ्याकडे आला. सरकारी कागदांत त्याचे ‘अस्तरीकरण’ झाले. शेततळ्याचा धनी मात्र त्यास नुसते ‘कागद’ म्हणतो. नाव कोणतेही असो, जात ओळखल्याविना ठिगळ लावू नये. रबरी अस्तर स्वच्छ पुसून, कोरडे करून, त्याच जातीच्या पट्टीने जोडता येते. शेततळ्यांत वापरतात त्या उच्च घनतेच्या पॉलिथिलीनवर गोंद टिकत नाही. त्यास उष्णतेनेच सांधावे लागते.

तळे पुन्हा भरताना नळाचे पाणी एकदम सोडू नये. त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस इजा करतो. शिवाय माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जीवाणूही त्याने मरतात. हे जीवाणू गाळणीत व अस्तरावरील बुळबुळीत थरात वसतात. तो थर घासून अस्तर लख्ख करण्याची हौस माझ्या मते गळतीहून घातक आहे. पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवून थोडे थोडे घालावे.

पावसाळ्यात अस्तर तळाशी फुगून वर आले, तर त्यास भोसकू नये. भूजल चढल्याचे ते लक्षण आहे. त्या पाण्यास बाजूने चर खणून वाट द्यावी.