धरण 'ओव्हरफ्लो' झालं म्हणजे नेमकं काय?

गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण भरलं की अर्जुनी मोरगाव तालुक्यात एकच बातमी फिरते: "धरण ओव्हरफ्लो झालं!" या इंग्रजी क्रियापदाची भावंडंही ओळखून ठेवा.

🔹 ब्रिम: काठोकाठ भरणे, पाणी अजून आतच.
🔹 ओव्हरफ्लो: काठ ओलांडून वाहणे.
🔹 स्पिल: सांडणे. म्हणूनच सांडवा म्हणजे 'स्पिलवे'.
🔹 रिलीज: मुद्दाम सोडणे, जसं धानासाठी कालव्यात पाणी.
🔹 फ्लड: पाण्याखाली बुडवणे.

भूतकाळी रूप 'ओव्हरफ्लोड'. 'ओव्हरफ्लोन' हे 'ओव्हरफ्लाय'चं, म्हणजे वरून उडत जाण्याचं रूप!

सांडव्यावरून पाणी पडतंय तोवर ओव्हरफ्लो. धानाच्या बांध्या बुडाल्या की फ्लड. मेसेज पुढे पाठवताना नेमका शब्द निवडा, खालच्या गावांना त्यावरूनच सावध व्हायचं असतं.