भिगवणची बेटे आणि आपली घरे

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण आले म्हणजे, उजाड माळरानाची सवय झालेल्या डोळ्यांस एकाएकी समुद्रासारखे पाणी दिसू लागते. हाच यशवंतसागर. १९८० साली उजनी येथे भीमेवरील धरण पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्याने नदीकाठची कितीतरी गावे पोटात घेतली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ त्याच पाण्यात गेले. उन्हाळा कडक होऊन पाणी पार उतरले, म्हणजे ते अजूनही वर येते आणि माणसे दर्शनास जातात. शेतीस पाणी मिळावे म्हणून हा जलाशय बांधला. पक्ष्यांसाठी तो कोणी बांधला नाही. परंतु विस्तीर्ण, उथळ पाणी आणि काठचा चिखल पाहून पक्ष्यांनी तो आपलासा केला. हल्ली हिवाळ्यात येथे रोहित उतरतात. मान खाली घालून, चोच उलटी करून, चिखलातील सूक्ष्म जीव गाळून खातात. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. चित्रबलाक, राखी बगळे, हळदी-कुंकू बदके ह्यांची तर गणतीच नको.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले. चक्रवाकाचे जोडपे रात्री विलग होते आणि नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांस साद घालीत राहते, हा कविसंकेत आम्ही किती वर्गांपुढे रंगवून सांगितला असेल! एकदा पौष महिन्यात मुलांस घेऊन कुंभारगावच्या काठी गेलो होतो. मासेमारी करणाऱ्या घरातला एक मुलगा जवळ आला आणि पाण्यालगतच्या तांबूस-नारिंगी पाखरांच्या जोडीकडे बोट करून म्हणाला, “सर, हे कोणतं पाखरू, वळखा बरं.” आम्ही म्हणालो, “बदक असेल.” तो हसला. “चक्रवाक हाय सर. थंडीत येतंय, उन्हाळा लागला की परत जातंय.” वर्गातील मुले आमच्याकडे पाहू लागली. ज्याचा विरह आम्ही तीस वर्षे समजावून दिला, तो समोर उभा असता आम्हांस ओळखता आला नाही. त्या दिवशी झालेली लाज अजून गेलेली नाही, आणि हा लेख लिहिण्यास तीच कारण झाली आहे.

आता बेटांविषयी. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले, की जलाशयाच्या मध्येच मातीवाळूचे उंचवटे उघडे पडतात. नदी सुरय नावाचा डौलदार पक्षी अशा उघड्या जमिनीवरच अंडी घालतो; ती इतकी मातीच्या रंगाची असतात, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. सभोवती पाणी आहे तोवर ती सुरक्षित. परंतु पाणी आणखी उतरून उंचवटा काठास जोडला गेला, की कुत्री शिरतात, गुरे शिरतात, आणि छायाचित्राच्या हौसेने माणसेही शिरतात; मग एका दुपारीत सारी वसाहत उठून जाते. बेटाचे सामर्थ्य त्याच्या एकांतात असते आणि दौर्बल्यही त्यातच असते.

ह्याचा दाखला पाहावयाचा तर मॉरिशसकडे पाहावे. भिगवण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. दोन्ही उष्ण कटिबंधातील. तेथे डोडो नावाचा न उडणारा मोठा पक्षी होता. १५९८ साली डच लोक उतरले; त्यांच्या गलबतांबरोबर उंदीर, डुकरे, माकडे आली, आणि शंभर वर्षांच्या आत डोडो नाहीसा झाला. नुसत्या शिकारीने झाले नसते ते जमिनीवरील अंडी खाल्ल्याने झाले. पुढे तेथील ससाण्यावर असाच प्रसंग आला. १९७४ साली त्याचे जंगलातील चारच पक्षी ठाऊक होते. परंतु ह्या वेळी लोक जागे झाले. अंडी उबवून, पिल्ले वाढवून, त्यांस पुन्हा रानात सोडून ती जात वाचविण्यात आली. बगळ्यांच्या नावाने ओळखले जाणारे एक प्रवाळबेट, अवघ्या २६ हेक्टरांचे, तेथील शासनाने राखीव केले. त्यावरील उंदीर नष्ट केले, परकी झाडे उपटून देशी झाडे लावली. आज तेथे दुर्मीळ गुलाबी कबुतर वावरते, आणि शाळेच्या मुलांस नेऊन ते दाखविले जाते. एकोणिसाव्या शतकात त्या देशी मजुरीस गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही मराठी जपून आहेत, आणि गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते. तेव्हा ते बेट आपणांस अगदीच परके नव्हे.

आपल्या शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत एक समिती असावी आणि तिने गावातील झाडे, पाखरे, पिके व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान ह्यांची नोंदवही लोकांच्या साहाय्याने तयार करावी, असे ठरविले. २०१२ साली राज्याचे जैवविविधता मंडळ नागपूर येथे स्थापन झाले. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारा हरणांसाठी मयूरेश्वर अभयारण्य १९९७ पासून आहे. नांदूर मध्यमेश्वराचा बंधाऱ्यामागील जलाशय २०२० साली राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. म्हणजे माणसाने अडविलेले पाणीही जगाच्या मानास पात्र होऊ शकते. त्याच साली पंचमहाभूतांच्या नावाने ‘माझी वसुंधरा’ अभियान निघाले, आणि ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरला. ५ तारीख मारुती चितमपल्ली ह्यांच्या जन्माची, १२ तारीख सलीम अली ह्यांच्या. सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींनी पाखरांची मराठी नावे रानोमाळ हिंडून गोळा केली. २०२५ साली ते गेले, तरी ती नावे आपल्यापाशी ठेवून गेले.

परंतु कायदा समिती नेमू शकतो, डोळे देऊ शकत नाही. नोंदवही कचेरीत बसून भरली, तर तिच्यात आमच्यासारख्यांचे ‘बदक’च लिहिले जावयाचे, ती त्या कुंभारगावच्या मुलाने आणि त्याच्या आजाने सांगितली पाहिजे. तेथील कित्येक मच्छीमार हिवाळ्यात पाहुण्यांस नावेतून पक्षी दाखवितात. पाखरू राहिले तर चार पैसे मिळतात हे त्यांस कळले आहे, आणि म्हणून त्यांचे रक्षण फलकांवरील सूचनांहून अधिक जागते आहे. मात्र थवा उडालेला पाहावयाचा म्हणून नाव पुढे दामटण्याचा आग्रह करणारे आपणच सुशिक्षित लोक असतो.

आणखी एक गोष्ट मनास लावून घेण्यासारखी आहे. पुण्याचे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी ह्यांतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. त्या घाणीवर जलपर्णी माजते. तीही मूळची दक्षिण अमेरिकेतील, परकी. म्हणजे मॉरिशसमध्ये जे काम उंदरांनी केले, ते येथे आपली मोरी करीत आहे. शहरातील घराचे तोंड भिगवणकडे नसले, तरी त्याचे सांडपाणी तिकडेच जाते.

मग घरात काय करावे? भाद्रपदात गणपतीस एकवीस पत्री वाहण्याची आपली रीत आहे. माका, आघाडा, डोरली, शमी, विष्णुक्रांता ही नावे पूजा सांगताना आपण धडाधड म्हणतो, आणि बाजारातून आणलेल्या जुडीतील कोणताही पाला उचलून वाहतो. आमच्या आजीस ती एकवीसही झाडे परसात, बांधावर दाखविता येत असत. यंदा नातवंडांस बरोबर घेऊन त्यांतील सातच ओळखावीत. देठासह ओरबाडू नयेत, एकेक पान घ्यावे. निर्माल्य नदीत न टाकता झाडाच्या बुंध्याशी जिरवावे. हिवाळ्यात एक दिवस भिगवणास जावे, नाव दूर थांबवावी, आणि नावाड्यास विचारावे, “दादा, हे कोणते पाखरू?” तो सांगेल ते घरच्या एका वहीत मुलांकडून लिहून घ्यावे. शासनाची नोंदवही होईल तेव्हा होईल. घरची वही आजच सुरू करता येते. आम्ही ती सुरू केली आहे. पहिल्या पानावर चक्रवाक आहे, आणि त्याखाली सांगणाराचे नाव म्हणून त्या मुलाचे.