द्रावकांचा तक्ता आणि खानदेशचं ऊन

एचपीएलसी (मोठ्या दाबाखालच्या द्रावकाने मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत भिंतीवर बहुधा एक तक्ता असतो. आडव्या-उभ्या ओळींत द्रावकांची नावं आणि कुठली जोडी मिसळत नाही त्याच्या खुणा. जळगावचं १९९० साली स्थापन झालेलं, आज बहिणाबाई चौधरींचं नाव धारण करणारं विद्यापीठ असो की शिरपूरची १९९२ची आर. सी. पटेल औषधनिर्माण संस्था, रसायन आणि औषधांचं विश्लेषण शिकणाऱ्या खानदेशातल्या मुलांनी हा तक्ता पाठ करण्यापेक्षा समजून घ्यायला हवा.

या यंत्रात पंप शेकडो बार दाबाने द्रावक ढकलतो. पुढच्या कॉलममध्ये काही मायक्रॉनचे कण ठासून भरलेले असतात. न मिसळणारे दोन द्रावक आत भेटले, तर थेंब सुटे होतात, दाब डळमळतो, बेसलाइन थरथरते. बफरमधल्या फॉस्फेटवर एकदम शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं, तर क्षारांचा साका होऊन नळ्या तुंबतात. म्हणून आधी पाण्याने धुवायचं, मग अ‍ॅसिटोनायट्राइल वाढवायचं.

कोण कुणात मिसळेल हे आधीच सांगण्याची सुटसुटीत रीत नॉर्मन गॉडफ्री यांनी १९७२ साली मांडली. त्यांनी सेंद्रिय द्रावकांना १ ते ३१ क्रमांक दिले. दोन क्रमांकांतला फरक १५ किंवा कमी असेल, तर द्रावक मिसळतात; १७ किंवा जास्त असेल, तर साधारण तापमानाला थर पडतात. १६ म्हणजे सीमेवरची जोडी. मिथेनॉल १२, हेक्झेन २९: फरक १७. आयसोप्रोपेनॉल १५, त्याचा हेक्झेनशी फरक १४, आणि पाण्यातही ते पूर्ण मिसळतं. म्हणूनच पाण्याच्या पद्धतीवरून हेक्झेनच्या पद्धतीवर जाताना मध्ये आयसोप्रोपेनॉल फिरवतात.

या आकड्यांत एक अट दडलेली आहे, ती तापमानाची. मिथेनॉल आणि हेक्झेन सुमारे ३४ अंशांच्या वर कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. त्याखाली बऱ्याच प्रमाणांत त्यांचे थर पडतात. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हिवाळ्यात दहाच्या खाली उतरतो. दुपारी वीज गेलेल्या खोलीत एकजीव दिसणारी बाटली एसी सुरू झाल्यावर दुभंगू शकते. मिथेनॉलमध्ये थोडं पाणी शिरलं, तर मिसळण्यासाठी आणखी उष्णता लागते. कॉलम ४० अंशांवर ठेवला, तरी बाटली आणि नळ्या खोलीच्याच तापमानाला असतात.

तेव्हा तक्ता २०-२५ अंशांचा आहे हे त्याच्यावर ठळक लिहावं. नवी जोडी पंपाला जोडण्याआधी परीक्षानळीत वेगवेगळ्या प्रमाणांत हलवून पाहावी, आणि खोलीचं सर्वांत कमी तापमान धरून पाहावी. गढूळपणा दिसला, तर ती जोडी यंत्रात घालू नये. गोळीत औषध किती आहे याचा आकडा रुग्णाच्या विश्वासाचा असतो, आणि त्या आकड्याची जबाबदारी द्रावकाच्या बाटलीपासूनच सुरू होते.