घरचा कारवानी संकर : स्वभाव व निगा

कारवानी कुत्रा वासापेक्षा नजरेने सावज हेरतो. गावठी कुत्र्याशी झालेल्या त्याच्या संकरातही ही वृत्ती बहुधा उतरते. असा कुत्रा घरी शांत, परक्याशी बुजरा असतो. मारझोडीने तो बिथरतो. त्यास मायेने शिकवावे. मात्र पळते जनावर दिसताच तो हाक ऐकत नाही. बारामती तालुक्यातील मयूरेश्वर अभयारण्य व इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरान येथे चिंकारा चरतात. १९७२ च्या कायद्याने त्यांची शिकार गुन्हा आहे. म्हणून त्या बाजूस कुत्रा मोकळा सोडू नये. कुंपणाच्या आत सकाळ-सायंकाळ धावू द्यावे, भर उन्हात नव्हे. अंगावर केस व चरबी थोडी, म्हणून थंडीत गोणपाटाचे अंथरूण घालावे. तीन महिन्यांचे झाल्यावर पिल्लास रेबीजप्रतिबंधक लस टोचावी व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी टोचून घ्यावी.