किल्ला आधी, पान नंतर

चौथीतलं मूल इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचायला बसतं. पहिला परिच्छेद बरा जातो. मग तह येतो, वेढा येतो, रसद, जहागीर, खंडणी येते आणि वाचन रखडतं. शेजारी बसलेले आईबाबा घड्याळाकडे बघतात आणि मुलाचा वाचनाचा वेग कमी आहे, हे घरात पक्कं होऊन जातं. तेच मूल क्रिकेट सामन्याची बातमी न अडखळता वाचतं, कारण षटक, झेल, धावबाद हे सगळं त्याच्या रोजच्या खेळातलं असतं. वेढा त्यानं कधी पाहिलेला नसतो.

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत जात नाहीत, ते उड्या मारतात. लुई एमिल जावाल या फ्रेंच नेत्रवैद्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याकडे लक्ष वेधलं. दोन उड्यांच्या मध्ये डोळा साधारण पाव सेकंद थांबतो आणि वाचन घडतं ते त्या थांब्यात. शब्द ओळखीचा असला की थांबा लहान होतो. अनोळखी असला की लांबतो, कधी डोळा मागेही वळतो. मुलाचा वेग वाढवायचा म्हणजे त्याच्या ओळखीचे शब्द वाढवायचे. दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

झटपट वाचनाचे वर्ग मात्र वेगळंच सांगतात. अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये असे वर्ग सुरू केले आणि तेव्हापासून मिनिटाला हजारो शब्दांची स्वप्नं विकली जात आहेत. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या दाव्यांची छाननी केली. वेग फार ताणला की समज घटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा, की इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या वेगानं वाचतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतात. त्यामुळे हा आकडा आपल्या मुलांना लावूच नये. केंद्र सरकारच्या २०२१ च्या ‘निपुण भारत’ योजनेत तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचं उद्दिष्ट आहे, आणि तेही अर्थ समजून. ही अट पालकांनी विसरता कामा नये.

अर्थ समजायला काय लागतं, हे डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी १९८८ साली फार सुंदर दाखवलं. त्यांनी सातवी-आठवीच्या ६४ अमेरिकी मुलांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात तरबेज होती, काही कच्ची. दोन्हींत काहींना बेसबॉल चांगला माहीत होता, काहींना फारसा नाही. वाचून झाल्यावर मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवत मुलांनी तो डाव पुन्हा घडवून दाखवायचा होता. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, खेळ न जाणणाऱ्या तरबेज वाचकांच्या पुढे गेली.

प्रतिकृती आणि तिच्यावर हलणारी छोटी माणसं! महाराष्ट्रातल्या मुलांना हे नवीन नाही. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात, वाड्याच्या चौकात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं दगडविटा रचतात, त्यावर पोतं टाकून माती लिंपतात, हळीव किंवा मोहरी पेरतात आणि बाजारातून आणलेले मावळे उभे करतात. महाराज सिंहासनावर बसले की किल्ला पुरा झाला असं आपण मानतो. इतिहासाचा अभ्यास खरं तर तिथून सुरू करता येतो, आणि ही संधी बहुतेक घरं दरवर्षी हातची घालवतात.

नुसता ‘किल्ला’ न करता राजगड करायचा ठरला, तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या काढाव्या लागतात, मध्ये बालेकिल्ला उभारावा लागतो. माची म्हणजे काय, हे मग बोटांनाच कळतं. सिंधुदुर्ग केला तर चारी बाजूंनी पाणी हवं, आणि समुद्रात पिण्याचं पाणी कुठून येणार हे मूल आपणहून विचारतं. किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी तेव्हा सांगाव्यात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तमिळनाडूत. एखाद्या वर्षी जिंजी बांधायला घ्यावा. राजाराम महाराज इतक्या दूर का गेले, हे शोधल्याशिवाय तो बांधून होतच नाही.

मग प्रसंग घ्यावा. पन्हाळा ते विशाळगड, जुलै १६६०. अंगणाच्या एका टोकाला पन्हाळा, त्याच्याभोवती खडूचं वर्तुळ म्हणजे सिद्दी जौहरचा वेढा, दुसऱ्या टोकाला विशाळगड, वाटेत दोन विटांमधली खिंड. मोठ्यांनी सांगायचं, मुलानं मावळे हलवायचे. शिवा काशिद कुठे पकडले गेले, बाजीप्रभू कुठे थांबले, महाराज का थांबले नाहीत. हे दोनतीनदा खेळून झाल्यावर पुस्तकातलं तेच पान उघडावं. वेढा, खिंड, पालखी हे शब्द आता मुलाच्या ओळखीचे आहेत.

इथे वेगाचा सराव कामाला येतो. अमेरिकी अभ्यासक जे सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत अगदी साधी आहे: छोटा उतारा घ्यायचा आणि ओघ येईपर्यंत तोच पुन्हा पुन्हा वाचायचा. शंभरेक शब्द पुरे. आधी मोठ्यांनी वाचावं, मग दोघांनी मिळून, मग एकट्या मुलानं. घरात उतारे कमी पडले तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

घरच्या शिकवणीतून केवढं काम उभं राहू शकतं, याचा दाखला मराठीतच आहे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत गेले. महाराजांना पुस्तकं वाचून दाखवणं आणि राजपुत्रांना शिकवणं ही त्यांची कामं होती. मुलांना इतिहास शिकवण्यासाठी त्यांनी टिपणं काढली, ती वाढत गेली आणि त्यांतून ‘रियासत’ ही इतिहासग्रंथमाला उभी राहिली.

सनावळीची धास्ती घालवायला एक दोरी पुरते. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर धरलं तर १६३० पासून आजपर्यंतचा काळ चार मीटरच्या आत बसतो. तिच्यावर चिठ्ठ्या टाचायच्या. १६७४ चा राज्याभिषेक ते १८१८ मधली पेशवाईची अखेर हे अंतर १४४ सेंटिमीटर भरतं. स्वातंत्र्यानंतरचा सगळा काळ त्याच्या साधारण निम्मा. मुलाच्या मनात ‘फार पूर्वी’ म्हणून एकत्र कोंबलेल्या गोष्टी इथे आपापल्या जागी जातात.

याच दोरीवर घरच्यांच्या चिठ्ठ्याही लागतात: पानशेतचा पूर १९६१, दुष्काळ १९७२, किल्लारीचा भूकंप १९९३. आजीनं दुष्काळात खाल्लेल्या सुकडीची हकिकत मुलानं लिहून काढावी आणि आजीलाच वाचून दाखवावी. ती चुका काढेल. आजोबांची आठवण वेगळी निघेल. तेव्हा मुलाला शिवजन्माच्या सालाची गोष्ट सांगावी. पूर्वी १६२७ हे साल सर्रास धरलं जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तिच्यातल्या नोंदीमुळे १६३० पुढे आलं. एक कागद सापडला आणि मोठमोठ्या अभ्यासकांना पुन्हा विचार करावा लागला.

घरातही असे कागद असतात: सातबारा, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. आजोबांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून निघण्याची शक्यता बरीच. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी अनेकदा हीच तारीख टाकत. मग पणजीनं सांगून ठेवलेलं ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’ हे जास्त खरं की शिक्क्याचा दाखला, यावर मुलानं आजोबांशी मनसोक्त वाद घालावा.