बिरुदात राहिलेले लातूर

निरोप समारंभ असो की नागरी सत्कार, नांदेड-लातूरकडे शाल-श्रीफळाबरोबर फ्रेम केलेले प्रशस्तिपत्र हाती दिले जाते आणि त्यातला मजकूर माइकवर वाचला जातो. हे वाचणे महत्त्वाचे. संस्कृत 'शंस्' धातूचा अर्थच म्हणणे, वाखाणणे. त्याला 'प्र' जोडून प्रशंसा आणि प्रशस्ती हे शब्द झाले. ऐसपैस घराला आपण प्रशस्त म्हणतो, तो शब्दही त्याच घरचा.

राजेलोकांची प्रशस्ती दगडावर किंवा ताम्रपटावर कोरली जाई. देवतेला वंदन, वंशावळ, बिरुदे, लढाया, दान, शक असा साधारण क्रम. पदरचा कवी धन्याला इंद्राच्या पंगतीला बसवणारच. पण ओघात तो गावांची नावे घेतो आणि इतिहासाच्या हाती खरा ऐवज लागतो. राष्ट्रकूट अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. तरीही कर्नाटकातल्या शिरूर आणि नीलगुंद येथील इ.स. 866 च्या लेखांत त्याचे बिरुद आहे 'लट्टलूरपुरवरपरमेश्वर'. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राज्य फोफावले, राजधानी दूर गेली, तरी घराण्याने मूळ गाव सोडले नाही. त्या लेखांतल्या साऱ्या विजयवर्णनांपेक्षा मला हा एक शब्द मोलाचा वाटतो.

चालुक्य दुसऱ्या पुलकेशीची ऐहोळे प्रशस्तीही अशीच. शके 556 मधला तिचा कवी रविकीर्ती स्वतःलाही कालिदास-भारवींच्या रांगेत बसवतो. त्या आत्मस्तुतीमुळेच कालिदास इ.स. 634 च्या आधीचा, हे पक्के झाले. तीन महाराष्ट्रकांतल्या 99 हजार गावांचा उल्लेखही तिथलाच.

नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याच्या काळचा, तर देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकालीन लेख सापडले आहेत. गावच्या देवळात अक्षरांचा दगड असेल तर कृपा करून त्यावर ऑइलपेंट फासू नका. फोटो काढून राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.

आपली आजची प्रशस्तिपत्रे मात्र 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हरहुन्नरी' यापुढे जात नाहीत. वरचे नाव तेवढे बदलते. पुढच्या वेळी मजकूर लिहायला बसाल तेव्हा त्या माणसाने कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणते काम उभे केले ते नावनिशीवार लिहा. विशेषणांना जागा उरली नाही तरी चालेल.