जुन्या कॅम्पर व्हॅनचा पत्रा : घरच्या घरी दुरुस्ती आणि त्यामागचं विज्ञान



गंजाचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला किंवा करून दाखवलेला असतो. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एका नळीत साधं पाणी, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. चार दिवसांनी फक्त पहिल्या नळीतला खिळा तांबूस दिसतो. निष्कर्ष फळ्यावर लिहिला जातो, की गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पुढे मुलं विचारतात, "सर, मग काय झालं? एक खिळा तर गंजला." प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज जरा मोठा खिळा बघू. तो म्हणजे इंग्लंडमध्ये लोक घराच्या गॅरेजमध्ये किंवा अंगणात उभी करून वर्ष-दोन वर्षं दुरुस्त करत बसतात ती फोक्सवॅगनची जुनी कॅम्पर व्हॅन. कॅम्पर म्हणजे जिच्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय असते अशी गाडी.

आधी गाडीची थोडी ओळख. बेन पॉन नावाचे डच व्यापारी फोक्सवॅगनच्या गाड्या हॉलंडमध्ये आयात करत. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सामान वाहायला एक सपाट, फळीसारखी गाडी वापरली जायची. ती बघून त्यांनी २३ एप्रिल १९४७ रोजी वहीत एका डब्यासारख्या व्हॅनचं रेखाटन काढलं. इंजिन मागे, ड्रायव्हर अगदी पुढे, मध्ये सामान. १९५० साली तिचं उत्पादन सुरू झालं. १९६७ पर्यंतच्या गाडीची पुढची काच दोन भागांत होती, नंतरच्या गाडीला एकच मोठी वक्र काच आली आणि बाजूला सरकतं दार आलं. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने आत पलंग, कपाटं बसवून तिची घरासारखी गाडी केली.

आता मुद्द्याची गोष्ट. बीटल या छोट्या मोटारीचा तळ वेगळा असतो आणि वरची बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असते. व्हॅनचा पहिला नमुना याच तळावर केला होता, पण चाचणीत तो तळ वजनाने टिकला नाही. म्हणून व्हॅनची बॉडी, तळ आणि खालचे लांब-आडवे बीम हे सगळं एकत्र वेल्डिंग करून एकच डबा केला. ट्रकसारखी वेगळी चेसिस इथे नाही. म्हणजे पत्रा हाच सांगाडा! आपल्या शरीरात हाडं वेगळी आणि कातडी वेगळी. खेकड्याचं तसं नसतं, त्याचं कवच हेच त्याचं हाड. ही गाडी खेकड्याच्या जातीची आहे. त्यामुळे हिच्या पत्र्याला भोक पडलं, तर दिसायला वाईट एवढाच प्रश्न राहत नाही. ड्रायव्हरच्या पायांपुढे इंजिनसुद्धा नाही, पत्राच आहे. सीटबेल्टचे बोल्टही याच सांगाड्यात बसलेले असतात.

पाणी कुठे दबा धरून बसतं?

दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी एक पोकळ पेटी असते. तिला सिल म्हणतात. ती आतला, मधला आणि बाहेरचा अशा तीन पत्र्यांनी बनते. गाडीच्या मधल्या बीमपासून या सिलपर्यंत आडवे हात येतात आणि गाडी उचलायला जॅक लावायच्या जागाही त्यांच्याच टोकाला असतात. खिडक्यांचं रबर जुनं होऊन कडक झालं, की पावसाचं पाणी काचेखालून आत जातं, खांबांतून उतरतं आणि सिलमध्ये जमतं. पाणी निघून जायला खाली बारीक भोकं असतात, पण त्यांत चिखल बसलेला असतो. झालं! आपल्या प्रयोगातली पहिली नळी तयार.

त्यात इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. लोखंडाचं गंजणं ही विजेसारखीच, इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जाण्याची क्रिया आहे, आणि मिठाच्या पाण्यातून वीज जास्त सहज वाहते. म्हणून गंजाचा वेग वाढतो. आपल्या कोकणात खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज लवकर खाल्ले जातात, तेही याच कारणाने.

आणखी एक गंमत बघा. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतं, पण ते घट्ट चिकटून राहतं आणि आतल्या धातूला झाकतं. लोखंडाचा गंज मात्र खपली होऊन सुटतो, की पुन्हा नवा धातू उघडा. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकावर एक चिकटवलेले असतील तर मधला गंज फुगून त्यांना अक्षरशः फाकवतो. रंगाखाली फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. पुढच्या काचेचे खालचे कोपरे, चाकांवरच्या कमानी, छताची पन्हळ, इंजिनजवळ बॅटरी ठेवायची जागा (तिथे आम्लही सांडतं), हे सगळे तिचे दुखरे भाग.

तपासणी : चुंबक आणि पेचकस

जुनी व्हॅन चकचकीत दिसते तेव्हा जास्त सावध व्हावं, असं माझं मत आहे. रंग उडालेली, पोचे असलेली गाडी निदान खोटं बोलत नाही. चकचकीत गाडीत भोकावर जाळी लावून वर जाड पुट्टी भरलेली असू शकते. ओळखायचं कसं? पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावर फिरवायचं. पुट्टी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. बोटाच्या पेराने ठोकून बघायचं, पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, पुट्टीचा बद्द येतो. मग गाडीखाली जाऊन सिल आणि आडवे हात पेचकसाने टोचायचे. चांगला पत्रा टोचला जात नाही. सरकतं दार उघडून लावून बघायचं आणि दाराभोवतीची फट वर-खाली सारखी आहे का ते पाहायचं. फट वर-खाली सारखी नसेल तर डबा मध्ये बसायला लागलाय, असा संशय घ्यायचा.

हे सगळं एवढ्या बारकाईने सांगायला कारण आहे. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसवलंय, त्याच्या ३० सेंटीमीटरच्या आत जास्त गंज असेल तर गाडी नापास होते. पण २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. म्हणजे या व्हॅनचा पेपर तपासायला परीक्षकच नाही! गाडी सुरक्षित ठेवायची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकावरच राहते. घरी काम करणाऱ्याने पुट्टी भरून रंग मारला तर कोणी अडवणार नाही, आणि त्या गाडीत मागे त्याचीच मुलं बसणार असतात. मला विचाराल तर सूट असली तरी काम झाल्यावर स्वतःहून तपासणी करून घ्यावी. तशी ती करून घेता येते.

कापण्याआधी आधार

आता प्रत्यक्ष काम. घाईत माणूस ग्राइंडर घेतो आणि दोन्ही बाजूंच्या सिल कापून टाकतो. मग दुर्दैवाने डबा मध्ये लवतो आणि नवी सिल त्या लवलेल्या आकारातच वेल्ड होते. नंतर दार लागत नाही, आणि तोवर उपाय अवघड झालेला असतो. म्हणून आधी गाडी सपाट जमिनीवर, मजबूत बीमखाली आधार देऊन समतोल उभी करायची. दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या-तिरक्या वेल्ड करून चौकट जखडायची. भूमितीत त्रिकोणाचा आकार बदलत नाही, चौकोनाचा बदलतो, हे आपण शिकवतोच. ती तिरकी पट्टी चौकोनाचे दोन त्रिकोण करते. कापण्याआधी सगळी मापं वहीत लिहायची. एका वेळी एकच बाजू. आणि क्रम आतून बाहेर : आधी आडवे हात व आतला पत्रा, मग मधला, शेवटी बाहेरचा.

कापायचं किती? गंज संपेपर्यंत नाही, चांगला चकचकीत धातू लागेपर्यंत. किडलेला दात भरताना डॉक्टर जसा चांगल्या भागापर्यंत कोरतात, तसं. नवे तयार पत्रे बाजारात विकत मिळतात, पण ते जसेच्या तसे बसतीलच असं नाही. क्लॅम्पने लावून, दार बसवून, फट बघून मगच वेल्डिंग.

हा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. पोलादाची एक मीटर पट्टी १०० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते, आणि वेल्डिंगच्या ठिकाणी तर लोखंड वितळतं, म्हणजे तापमान १५०० अंशांच्या वर. एका टोकापासून सलग वेल्ड करत गेलं तर पत्रा लाटेसारखा वाकतो. त्यामुळे मिग वेल्डिंगने आधी लांब-लांब टाके मारतात. एक इथे, दुसरा हातभर दूर, तिसरा मध्ये. प्रत्येक टाका गार होऊ द्यायचा. गोधडी शिवताना आधी कच्चे टाके घालतात तसंच हे. मग टाक्यांच्या मधली जागा भरत भरत जोड सलग करायचा. ठिगळ लावलं असेल तर एमओटीलाही सलग जोडच लागतो, नुसते टाके चालत नाहीत.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. कॅम्परमध्ये फोमच्या गाद्या, पडदे, प्लायवूड असतं आणि मागे पेट्रोलची टाकी. आतलं सगळं सामान आणि टाकी काढल्याशिवाय, बॅटरी सोडवल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. आग विझवायचं साधन हाताशी हवं आणि काम थांबवल्यावरही तासभर तिथे लक्ष ठेवायला माणूस हवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना चांगला मास्क लावायचा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापवला तर त्याच्या धुराने ताप येतो. जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढायचा.

पोचे, बारीक खड्डे यांना पुट्टी चालते, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. पण ती धातूवर, भोकावर नाही. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, त्यातून दमट हवा आत शिरते. म्हणून गाडी नुसत्या प्रायमरवर अंगणात महिनोन् महिने ठेवू नये, ठेवायचीच असेल तर इपॉक्सी प्रायमर मारावा. शेवटचा रंग घरी मारायचा हट्ट मला पटत नाही. हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो. तेवढं काम रंगाच्या बंद खोलीत, बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालणाऱ्या माणसाकडून करून घ्यावं.

रंग वाळला की एक काम उरतं, आणि बाहेरून ते अजिबात दिसत नाही. सिल आणि खांबांच्या पोकळीत लांब नळीने मेणासारखं पातळ द्रावण फवारायचं. आतल्या बाजूला, जोडाच्या मागे ब्रश पोहोचत नाही, तिथे हा मेणाचा थर पाणी आणि हवा दोन्ही अडवतो. आपल्या प्रयोगातला तेलाचा थर आठवा. दिवस जरा उबदार निवडायचा म्हणजे मेण नीट पसरतं. जमिनीवर जुना पेपर अंथरून ठेवायचा आणि सिलखालच्या प्रत्येक भोकातून मेणाचे थेंब पडतात का ते बघायचं. ज्या भोकातून पडत नाहीत, ते तारेने मोकळं करून तिथे पुन्हा फवारायचं.